ग्राइंडरची बेअरिंग निघेना? हातोडी उचलण्याआधी हे पाहा

बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा गोव्यातल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये चार इंची ग्राइंडर सकाळी सुरू होतो तो संध्याकाळीच थांबतो. कास्टिंगची कड मारायची, वेल्डिंगचा फुगवटा उतरवायचा, पाइप कापायचा, सगळे त्याच्याच गळ्यात. अशा मशीनमध्ये आधी झिजतात कार्बन आणि त्यानंतर नंबर लागतो बेअरिंगचा. कार्बन पाच मिनिटांत बदलून होतात. बेअरिंगचे तसे नाही. ती आर्मेचरच्या शाफ्टवर दाबून बसवलेली असते आणि काढायला गेले की जागची हलत नाही. मग कोणीतरी म्हणते, "जरा हाण की." हाणले जाते, आणि स्वस्तातल्या बेअरिंगपायी तिच्या कितीतरी पट महाग असलेले आर्मेचर हातचे जाते. रोजंदारीवर काम करणाऱ्याचे तर पुढचे दोन दिवसही जातात.

दाबून बसवलेला भाग, म्हणजे प्रेस फिट, कसा सोडवायचा यात गुपित काही नाही. जोर कुठे लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही, एवढे कळले की अर्धे काम झाले.

घट्ट बसते म्हणजे नेमके काय होते

प्रेस फिटमध्ये खिळा नसतो, आटे नसतात, बहुतेक वेळा गोंदही नसतो. शाफ्ट किंचित मोठा आणि भोक किंचित लहान, इतकेच. १० मिलिमीटरच्या शाफ्टचे उदाहरण घेऊ. छोट्या मोटरींसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या 'के-५' फिटमध्ये शाफ्ट १० मिलिमीटरपेक्षा १ ते ७ मायक्रॉन जाड असतो. त्यावर चढणाऱ्या साध्या दर्जाच्या बेअरिंगचे भोक १० मिलिमीटरपेक्षा ८ मायक्रॉनपर्यंत लहान असू शकते. दोन्ही धरून ओढाताण होते १ ते १५ मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. एवढ्याशा फरकाने पोलादी रिंग शाफ्टला अशी आवळते की हाताने ती हलत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, बेअरिंग शाफ्टवरून दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी ती सैल होत नाही. जागेच्या टोकापर्यंत तिला ओढतच न्यावे लागते. दुसरी, मायक्रॉनच्या या खेळात शाफ्टवर एक ओरखडा किंवा टोकाला हातोडीने आलेली एक बारीक कड पुरेशी असते. जुनी बेअरिंग त्या कडेत अडकते, आणि जोर करून काढलीच तर नवी बेअरिंग पुढे कायमची सैल बसते.

फिरणारी रिंग घट्ट आणि न फिरणारी जरा मोकळी, अशी रचना सर्वसाधारणपणे असते. आर्मेचर फिरते, म्हणून आतली रिंग शाफ्टवर घट्ट. बाहेरची रिंग बॉडीच्या किंवा गिअर हाउसिंगच्या खोबणीत सरकती बसते. बऱ्याच मशीनमध्ये मागच्या बेअरिंगभोवती रबराची टोपी असते. काढताना आणि बसवताना जोर घट्ट बसलेल्या रिंगवरच द्यायचा, हा नियम इथूनच येतो. बाहेरची रिंग धरून ओढली तर सगळा जोर मधल्या गोळ्यांमधून जातो. गोळी रिंगला टेकते ती जवळजवळ टिंबाएवढ्या जागेत, त्यामुळे धावपट्टीवर बारीक खळगे पडतात. टाकून द्यायच्या बेअरिंगचे काही बिघडत नाही. पण नवी बेअरिंग अशी ठोकून बसवली तर ती पहिल्याच दिवशी घुरघुरायला लागते आणि दोष कंपनीला दिला जातो.

खरेच अडकले आहे, की कोणीतरी धरून ठेवले आहे?

न निघणाऱ्या भागांपैकी बरेचसे अडकलेले नसतातच. त्यांना सर्कलिप, नट, पट्टी किंवा चावीने धरलेले असते आणि काजळी-ग्रीसखाली ते दिसत नाही. म्हणून पुलर आणण्याआधी रॉकेल आणि ब्रश आणावा. जागा लख्ख दिसेपर्यंत पुसावी आणि टॉर्च मारून बघावे.

ग्राइंडर खोलताना आधी प्लग काढायचा. वाचायला हास्यास्पद वाटेल, पण स्विच बंद करून वायर तशीच बोर्डात ठेवणारे कमी नाहीत. त्यानंतर दोन्ही कार्बन बाहेर काढायचे. कार्बन आत ठेवून आर्मेचर ओढले की कार्बनची कड तुटते किंवा ब्रश होल्डर वाकतो. मग गिअर हेडचे चार स्क्रू. हेड आर्मेचरसकट बाहेर येते, कारण पुढची बेअरिंग बहुतेक मशीनमध्ये एका पातळ पट्टीने हेडला धरलेली असते. त्या पट्टीचे छोटे स्क्रू न काढता आर्मेचर ओढणे किंवा हेडवर ठोकणे ही फार नेहमीची चूक आहे. त्यात पट्टी वाकते आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे उखडतात.

पुढे पिनियन, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर. पुढची बेअरिंग पिनियन आणि पंखा यांच्या मधोमध असते, त्यामुळे पिनियन निघाल्याशिवाय ती निघायची नाही. पिनियनवर नट असेल तर त्याचे आटे सुलटे की उलटे ते आधी पाहावे. चढ कोणत्या बाजूला जातो हे आट्यांच्या उघड्या टोकाकडे नीट बघितले की कळते. उलट्या आट्यांचा नट नेहमीच्या दिशेने सोडवायला गेले तर तो सुटण्याऐवजी आवळतो आणि शेवटी तुटतो. दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या ड्रिलच्या चकमध्ये आत जो स्क्रू असतो तो असाच उलट्या आट्यांचा असतो, आणि त्यावर वाया गेलेल्या स्क्रू ड्रायव्हरची गणती नाही.

नट सोडवताना आर्मेचर धरायचे कुठे, हाही प्रश्नच आहे. मधला पोलादी पत्र्यांचा थर कापडात गुंडाळून, व्हाइसला लाकडाचे जबडे लावून हलकेच धरता येतो. कॉम्युटेटरला, वाइंडिंगच्या तारांना किंवा पंख्याला व्हाइसचा जबडा लागता कामा नये. कॉम्युटेटर म्हणजे साच्यात बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्या. दाबाने एखादी पट्टी केसभर जरी वर आली तरी मशीन चालू केल्यावर कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्यांचे कडे दिसते.

अनेक ग्राइंडरांच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह छापलेले असते. त्याचा अर्थ यंत्र दुहेरी इन्सुलेशनचे आहे आणि त्याला अर्थिंगची तार नाही. अशा आर्मेचरमध्ये बहुधा शाफ्ट आणि पत्र्यांचा थर यांच्या मध्ये प्लास्टिकसारखी इन्सुलेशनची नळी असते. पत्र्यांच्या थरावर टेकवून शाफ्ट ठोकला किंवा शाफ्टला गॅसचा जाळ दाखवला तर ही नळी सरकते किंवा करपते. मशीन नंतर फिरते, काम करते, कळतही नाही; पण विजेपासून वाचवणारा दुसरा पडदा तेवढा गेलेला असतो. पावसाळ्यात ओल्या शेडमध्ये उभ्या माणसासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही.

पुलर लावण्याची रीत

आर्मेचरवरची बेअरिंग काढायला दोन किंवा तीन पायांचा छोटा पुलर लागतो. मोटरसायकलच्या दुकानातला मोठा पुलर इथे चालत नाही. त्याचे पाय जाड असतात आणि बेअरिंग व कॉम्युटेटर यांच्यातल्या फटीत शिरत नाहीत. फट फारच कमी असेल तर सेपरेटर वापरावा, म्हणजे दोन अर्ध्या पट्ट्या, ज्यांची आतली कड सुरीसारखी पातळ असते. त्या बेअरिंगच्या मागे दोन्हीकडून सरकवून बोल्टने जवळ आणल्या की आतल्या रिंगखाली पकड मिळते. सेपरेटर विकत नसेल तर पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीत शाफ्टपेक्षा जरा रुंद खाच कापून कड पातळ करून घेता येते. लेथवाल्याकडे हे काम अर्ध्या तासाचे.

पुलरचा मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकतो. टोकाला कारखान्यातच पाडलेला सेंटरचा खळगा असतो, स्क्रूचे टोक त्यातच बसले पाहिजे. टोकाला आटे असतील तर नट उलटा फिरवून शाफ्टच्या टोकाशी सपाट आणून ठेवावा आणि मध्ये पितळेचा तुकडा द्यावा, म्हणजे आटे फुलत नाहीत. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावावे. नाहीतर अर्धा जोर पुलरच खातो.

मग स्क्रू आवळत जायचा, पण दमाने. पाय सारखे बसलेत का, बेअरिंग तिरकी तर ओढली जात नाही ना, हे दर अर्ध्या फेऱ्याला पाहायचे. ताण चांगला आला आणि तरी हलत नसेल तर आणखी आवळत बसू नये. ताण तसाच ठेवून स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एकच खणखणीत ठोका द्यावा. पुष्कळदा तेवढ्याने "टक्" असा आवाज येतो आणि पकड सुटते. नाही आला तर थांबावे, पंधरा-वीस मिनिटे ताणाखालीच ठेवून द्यावे, पुन्हा एक ठोका. घाईत स्पॅनरला पाइप लावून जोर वाढवला की पुलरचा पाय तरी तुटतो नाहीतर बेअरिंग फुटते. ताणाखाली असलेल्या पुलरवर जाड कापड टाकून ठेवावे, डोळ्यांवर गॉगल असावा आणि तोंड शाफ्टच्या रेषेत नसावे. सुटलेला तुकडा कुठे जाईल ते कोणी सांगत नाही.

पुलर नसला तर बऱ्याच ठिकाणी बेअरिंग व्हाइसच्या उघड्या जबड्यांवर टेकवून वरून शाफ्टवर ठोका देतात. हे अगदीच निषिद्ध नाही, पण अटी आहेत. जबडे आतल्या रिंगच्या जितके जवळ येतील तितके आणावेत. शाफ्टच्या टोकावर थेट लोखंडी हातोडी नको. मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा पंच धरावा. खाली गादी किंवा उशी पसरून ठेवावी, नाहीतर सुटलेले आर्मेचर सरळ फरशीवर जाते. आणि हलक्या हातोडीचे पन्नास ठोके मारण्यापेक्षा वजनदार हातोडीचे दोन-तीन ठोके बरे. हलके ठोके बेअरिंगला हलवत नाहीत, शाफ्टचे डोके मात्र छत्रीसारखे फुलवतात.

हायड्रॉलिक प्रेस जवळ असेल तर काम सोपे होते, पण हाताला मिळणारा अंदाज जातो. पुलरवर ताण किती आला ते हाताला कळते. प्रेसच्या दांड्याला सगळेच मऊ लागते. छोट्या आर्मेचरसाठी हाताने चालणारा आर्बर प्रेस पुरतो.

गंज सोडवणाऱ्या तेलाबद्दल थोडे. पावसाळाभर खानापूरकडे किंवा किनाऱ्यावर पडून असलेल्या मशीनमध्ये बेअरिंगच्या कडेने तांबूस गंज दिसतो. तिथे असे तेल आदल्या रात्री सोडून ठेवले तर सकाळी फरक जाणवतो. पण स्वच्छ, गंज नसलेल्या प्रेस फिटमध्ये तेलाला शिरायला वाटच नसते, तिथे डबाभर फवारून काही होत नाही. तेल कॉम्युटेटरकडे ओघळू देऊ नये. तेलकट कॉम्युटेटरवर कार्बनची काजळी चिकटते आणि पट्ट्यांच्या मधल्या खाचा भरून जातात.

उष्णता : कुठे कामाची, कुठे घातक

सगळ्यात कमी जोरात सगळ्यात जास्त काम करते ती उष्णता. मात्र ती कोणत्या भागाला द्यायची यावर सगळे अवलंबून आहे.

गिअर हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि बेअरिंग पोलादाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते. ३० मिलिमीटरच्या खोबणीचे तापमान ८० अंशांनी वाढवले तर ती सुमारे ५५ मायक्रॉन मोठी होते. तितकीच तापलेली बेअरिंग वाढते २९ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे दोन्ही एकत्र तापले तरी २५-२६ मायक्रॉनची सवलत मिळतेच. म्हणून हाउसिंगमध्ये अडकलेली बेअरिंग ठोकायची नसते, हाउसिंग तापवायचे असते. आतले ग्रीस, रबर आणि प्लास्टिकचे भाग काढून हीट गनने चहूबाजूंनी सारखे तापवावे. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र होऊन उडाला की पुरे. मग जाड हातमोजे घालून हाउसिंग उलटे धरावे आणि लाकडी फळीवर सपाट आपटावे. बेअरिंग पुष्कळदा आपसूक खाली पडते. गॅसचा जाळ टाळावा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि लोखंडासारखे आधी लाल होऊन इशारा देत नाही. घरातला तवा किंवा ओव्हन यासाठी वापरायचा मोह होतो. ग्रीसचा धूर लागलेल्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक करू नये, इतके तरी पाळावे.

शाफ्टवरच्या बेअरिंगचे गणित उलटे आहे. रिंगही पोलादी, शाफ्टही पोलादी. १० मिलिमीटरची रिंग ८० अंशांनी तापवली तर भोक जेमतेम १० मायक्रॉन वाढते, आणि उष्णता शाफ्टमध्ये शिरताच तोही फुगतो. फायदा काही सेकंदांचाच. म्हणून आधी पुलर लावून ताण द्यायचा, वाइंडिंगवर आणि कॉम्युटेटरवर ओले कापड किंवा पत्र्याची आड धरायची, आणि मग फक्त रिंगवर पटकन उष्णता द्यायची. मोठ्या सोल्डरिंग आयर्नचे टोक रिंगला लावले तरी कधी कधी काम भागते. आर्मेचरवर गॅस टॉर्च मात्र कधीच नको. तारांवरचे वार्निश आणि कॉम्युटेटरखालचा साचा एकदा करपला की रिवाइंडिंगशिवाय इलाज नाही.

कधी बेअरिंग काहीही केले तरी हलत नाही आणि शाफ्टच्या कडेला हिरवट किंवा काचेसारखा पापुद्रा दिसतो. आधीच्या मिस्त्रीने सैल शाफ्टवर बेअरिंग चिकटवण्याचा गोंद लावला होता, असे समजावे. लॉकटाइट ६३८ सारखा गोंद सुटण्यासाठी सुमारे २५० अंश तापमान लागते. हाउसिंगमध्ये ते एक वेळ जमेल, आर्मेचरवर नाही. तिथे रिंग कापूनच काढावी लागते. त्याचे वर्णन पुढे आहे.

मागून बंद असलेले भोक

गिअर हेडच्या आत, स्पिंडलच्या वरच्या टोकाला बऱ्याच ग्राइंडरांत सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंग किंवा साधा पितळी बुश असतो. भोक मागून बंद. मागे ठोकायला जागा नाही, पुढे पकडायला कड नाही. इथे मिस्त्री लोक हात टेकतात आणि हेडच बदला म्हणतात. पण यावर जुन्या युक्त्या आहेत, आणि त्या चालतात.

बुशसाठी ग्रीसची युक्ती. बुशचे भोक ग्रीसने गच्च भरायचे, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही. भोकात अगदी बेताने बसेल असा गोल दांडा घेऊन तो ग्रीसवर टेकवायचा आणि वरून ठोका द्यायचा. ग्रीस दबत नाही. ते बुशच्या मागे जाते आणि बुशला मागून पुढे ढकलते. दर दोन-तीन ठोक्यांनी ग्रीस पुन्हा भरायचे. बुशच्या मागे थोडी तरी पोकळी असली पाहिजे, आणि दांडा सैल असेल तर ग्रीस तोंडावर उडते, एवढे ध्यानात ठेवावे.

सुई-बेअरिंगमध्ये रोलरांच्या फटींतून ग्रीस निसटून जाते. तिथे ओला टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राच्या कागदाचा लगदा भरतात. एक थर भरायचा, दांड्याने ठोकायचा, पुन्हा भरायचा. लगदा मागे घट्ट साचत जातो आणि बेअरिंग इंच-इंच नव्हे, मिलिमीटर-मिलिमीटर पुढे येते. काही जण ओला पाव भरतात. युक्ती तीच, गोव्यात पाव वाया घालवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. हेड आधी तापवलेले असेल तर दोन्ही प्रकारांत ठोके निम्म्याने कमी लागतात.

पितळी बुशला आणखी एक रस्ता आहे. त्यात टॅपने आटे पाडायचे आणि बोल्ट फिरवत न्यायचा. बोल्ट भोकाच्या तळाला टेकला की पुढचा प्रत्येक फेरा बुशला वर उचलतो. तळ पातळ वाटला तर तिथे आधी एक छोटी पोलादी चकती टाकावी. सुई-बेअरिंगचे कवच कडक असते, त्यात टॅप चालत नाही. तिथे आत शिरून फाकणारा पुलर हाच बाजारातला पर्याय.

आतली रिंग शाफ्टवरच राहिली तर

बाहेरच्या रिंगला धरून ओढल्यावर बेअरिंग फुटते, गोळ्या जमिनीवर आणि आतली रिंग शाफ्टवर, असा प्रसंग बहुतेकांवर कधी ना कधी येतो. बेअरिंगच्या पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापात साठच्या आसपास असतो. त्यावर कानस नुसती घसरते, हॅकसॉचे दात जातात.

आधी रिंगच्या मागे सेपरेटर घालून पुन्हा प्रयत्न करावा. ते जमले नाही तर छोट्या डाय ग्राइंडरला पातळ कटिंग चाक लावून रिंगवर शाफ्टच्या दिशेने एक खाच पाडायची. खाच रिंगच्या जाडीच्या पाऊण भागापर्यंतच न्यायची. पूर्ण कापायला गेले तर चाक शाफ्टला लागते आणि सगळे मुसळ केरात. उरलेल्या पाव भागासाठी खाचेत छिन्नी ठेवून एक ठोका द्यायचा. कडक पोलाद वाकत नाही, तडकते. रिंग फुटली की पकड तत्क्षणी सुटते. ती फुटताना तुकडा गोळीसारखा उडू शकतो. म्हणून गॉगल तर हवाच, शिवाय रिंगवर जाड कापडाचे दोन-तीन वेढे हवेत आणि शेजारी बघायला जमलेल्यांना मागे सारायला हवे. कापताना वाइंडिंगवर चिकटपट्टी लावून झाकावे. चाकाची पूड आत गेली तर तारांचे वार्निश घासत राहते.

ड्रिल मशीनच्या पुष्कळ आर्मेचरांत पिनियन वेगळा नसतो, दात शाफ्टवरच कापलेले असतात आणि बेअरिंग त्या दातांवरून काढावी लागते. तिथे पुलरचा स्क्रू किंवा सेपरेटरची कड दातांना लागणार नाही याची काळजी घ्यावी. दातावर एक टवका उडाला की गिअर बॉक्स महिन्याभरात ओरडायला लागतो.

नवी बसवताना

जुन्या बेअरिंगवरचा नंबर फेकण्यापूर्वी लिहून घ्यावा. हात-यंत्रांत नेहमी दिसणारे नंबर थोडेच आहेत. ६०७ म्हणजे आतून ७, बाहेरून १९, जाडी ६ मिलिमीटर. ६२७ आतून तितकीच, पण बाहेरून २२ आणि जाडी ७. ६०८ आतून ८, बाहेरून २२, जाडी ७. ६२९ आतून ९, बाहेरून २६, जाडी ८. ६००० आतून १०, बाहेरून २६, जाडी ८. ६२०० आतून १०, बाहेरून ३०, जाडी ९. ६२०१ आतून १२, बाहेरून ३२, जाडी १०. नंबरामागे 'टूआरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबराचे सील, 'झेडझेड' असेल तर पत्र्याची झाकणे. कास्टिंग किंवा ग्रॅनाइटच्या धुळीत चालणाऱ्या मशीनला रबरी सीलची घ्यावी; पत्र्याच्या झाकणाला फट असते आणि धूळ तिथूनच आत जाते. 'सी-३' लिहिलेल्या जागी 'सी-३'च बसवावी, कारण तापणाऱ्या मोटरीत गोळ्यांना ती जास्तीची मोकळीक लागते.

शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने फक्त स्वच्छ करावा, घासून बारीक करू नये. आतल्या रिंगएवढ्या जाडीचा पाइपचा तुकडा किंवा बॉक्स पान्याचा सॉकेट घेऊन जोर आतल्या रिंगवर द्यावा. आर्मेचर तासभर फ्रीझरमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ठेवले आणि बेअरिंग ७०-८० अंशांपर्यंत तापवली तर ती फारशी कुरकुर न करता चढते. सील असलेली बेअरिंग याहून जास्त तापवू नये, आतले ग्रीस आणि रबर दोन्ही खराब होतात. फ्रीझरमधून काढलेल्या आर्मेचरवर दव साचते. ते पूर्ण वाळल्याशिवाय मशीन जोडू नये.

नवी बेअरिंग बोटाने ढकलून सहज चढली तर आनंद मानण्यासारखे काही नाही. शाफ्ट झिजलेला आहे. अशा वेळी सेंटर पंचाने शाफ्टभर टिंबे मारून बेअरिंग "घट्ट" करण्याची पद्धत सगळीकडे चालते. बेअरिंग मग त्या टिंबांच्या टोकांवर तरंगते, टोके थोड्याच दिवसांत दबतात आणि शाफ्ट मध्यापासून सरकून फिरू लागतो. झीज अगदी बारीक असेल तर वर सांगितलेला गोंद हा जास्त सरळ उपाय आहे, फक्त पुढच्या वेळी काढणाऱ्याला त्रास होणार हे गृहीत धरून. झीज नखाला जाणवण्याइतकी असेल तर आर्मेचर बदलणेच परवडते.

हट्ट कशासाठी, तर चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे फिरतो. १०० मिलिमीटरच्या चाकाची कड तेव्हा सेकंदाला सुमारे ५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते. स्पिंडल किंचित डगमगत असला तरी तो हादरा चाकावर येतो.

मशीन जोडल्यावर आधी चाक न लावता स्पिंडल हाताने फिरवून पाहावा. कुठेही अडखळता कामा नये. मग गार्डसकट चाक लावून, चाकाच्या रेषेतून बाजूला उभे राहून मिनिटभर मोकळे चालवावे. पाच मिनिटांनी गिअर हेडवर हात ठेवावा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल तर ग्रीस जास्त भरले आहे किंवा बेअरिंग तिरकी बसली आहे, आणि मशीन पुन्हा उघडायला हवे.